आमची होडी

म्हैसूरजवळ श्रीरंगपट्टणला कावेरीत बांबूची गोल नाव चालते. कन्नडमध्ये तिला हरिगोलू म्हणतात. काम संपले की नावाडी ती उपडी पाठीवर घेऊन चालू लागतो. मालवणजवळच्या आमच्या देवबागात एवढे सोपे नाही. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र. मधल्या चिंचोळ्या पट्टीवर आमचे घर. मृगापूर्वी होडी ओढून माडांत आणायची, खाली ओंडके द्यायचे, वर झावळ्यांनी शाकारायची, नाहीतर पावसात लाकूड कुजते. ओढायला आठ-दहा माणसे लागतात. यंदा त्यांत मी नव्हतो. बाबा फोनवर म्हणाले, "शेजारचे सगळे न बोलावताच आले." आता नारळी पौर्णिमेनंतर ती पाण्यात जाईल. दिवाळीच्या सुट्टीत वल्हवायला मी असेन.