हर्ष देणारी संख्या

एकापासून पायरी-पायरीने नऊपर्यंत चढायचं आणि त्याच पायऱ्यांनी पुन्हा एकापर्यंत उतरायचं, की १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या तयार होते. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’मध्ये एक, दश, शत, सहस्र अशी स्थानांची नावं दिली आहेत. त्यांतलं शेवटचं परार्ध. ही संख्या त्याच्या एकच घर अलीकडे, ‘मध्य’ स्थानापर्यंत पोहोचते. एवढा मोठा आकडा ना वाण्याच्या बिलात येतो, ना बँकेच्या पासबुकात. मग त्याच्याकडे बघायचं तरी कशाला?

देवळालीच्या एका शाळामास्तरांना मात्र अशाच आकड्यांचं वेड होतं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे त्यांचं नाव. जन्म १९०५ चा, डहाणूचा. १९२९ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतली आणि १९३० पासून १९६२ पर्यंत शाळेत शिकवलं. जुन्या जी.आय.पी. रेल्वेच्या एका स्टेशनवर त्यांना या जातीच्या संख्यांचा विचार सुचला, म्हणून त्यांनी नाव ठेवलं ‘डेम्लो संख्या’. ते स्टेशन म्हणजे आजची डोंबिवली!

यातली गंमत समजायला पाढ्यांपलीकडचं गणित लागत नाही. ११ गुणिले ११ म्हणजे १२१. १११ गुणिले १११ म्हणजे १२३२१. कागदावर गुणाकार मांडला की एकांच्या ओळी एकेक घर सरकत एकाखाली एक येतात. कडेच्या रकान्यात एकच एक असतो, मधल्या रकान्यात सर्वांत जास्त. असं करत नऊ एक घेतले, की १११११११११ चा वर्ग म्हणजेच आपली सतरा अंकी संख्या. दहा एक घेतले, तर मधल्या रकान्याची बेरीज दहा होते, हातचा येतो आणि चढउताराचा तोल बिघडतो.

आता या संख्येतल्या सगळ्या अंकांची बेरीज करा. ती येते ८१. आणि एवढ्या अवाढव्य संख्येला ८१ ने भागलं, तर बाकी शून्य! अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्यांनाही कापरेकरांनीच नाव दिलं. हर्षद, म्हणजे हर्ष देणारी.

मास्तरांच्या वाट्याला मात्र फारसा हर्ष आला नाही. गणितातली मोठी पदवी त्यांच्यापाशी नव्हती. कित्येक गणितज्ञ त्यांच्या कामाला पोरखेळ समजून हसले. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, तेव्हा त्यांनी शिकवण्या केल्या. पण आकड्यांचा नाद सोडला नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं आणि देवळालीच्या मास्तरांचं नाव जगभर पोहोचलं. १९८६ मध्ये ते वारले. त्यांनी शोधलेला ६१७४ हा आकडा आज ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखला जातो.

उपयोग काय, हा प्रश्न घरोघरी गणिताला विचारला जातो, बहुधा परीक्षेच्या आदल्या रात्री. कापरेकरांनी तो प्रश्न कधी आड येऊ दिला नाही. कागद, पेन्सिल आणि वेळ एवढ्याच भांडवलावर त्यांनी आनंद मिळवला. ते भांडवल कुठल्याही घरात असतं. मुलाला ११ गुणिले ११ करायला सांगा, मग १११ गुणिले १११, आणि पुढचं उत्तर त्यालाच ओळखू द्या.