नाथा

नरकचतुर्दशीची पहाट होती. बंब पेटवून मी उटण्याची वाटी शोधत होते, तेवढ्यात परड्यातून आवाज आला. फुटक्या पिपाणीत पोरानं फुंकर मारावी तसा, निम्म्यातच तुटलेला. जरा थांबून पुन्हा आला, या वेळी थोडा लांब. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, जपमाळ हातात घेऊनच दारात आल्या. "तुझी तलंग आरवली का काय गं?" कोंबडी आरवली की घराला वाईट, अशी जुन्या माणसांची समजूत. मी बॅटरी घेतली आणि डालगं उचललं. चार तलंगा एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. पाचवी मान ताणून उभी होती आणि तिचा तुरा मला पहिल्यांदा नीट दिसला. जांभळट काळा, दातेरी, ताठ. ती तलंग नव्हतीच.

गावरान पिल्लांत नर लवकर ओळखू येतो, तुऱ्यावर लाली चढते. कडकनाथात ती लालीच नसते. पिसं काळी, कातडी काळी, चोच, पाय, जीभ काळी, हाडांवरचं आवरणसुद्धा काळं. रक्त मात्र लालच, आणि अंडं फिकट बदामी. हे मुद्दाम सांगते, कारण अंडंही काळंच असतं असं सांगणारी माणसं मला त्या वर्षात भेटली. हा पक्षी मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलिराजपूर भागातला. तिथले भिल्ल, भिलाला लोक पिढ्यान्‌पिढ्या तो पाळत आलेत आणि त्याला 'कालामासी' म्हणतात. २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथाला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्यानंतर वर्षभरात त्याच्या नावानं आमच्या कृष्णाकाठाला मोठा घोर लागला.

माझं माहेर वाळवा तालुक्यात. दादानं २०१९ च्या उन्हाळ्यात उसाच्या बिलातले पाऊण लाख रुपये एका कंपनीकडं भरले आणि दोनशे पिल्लं घेतली. खाद्य कंपनी देणार, औषध कंपनी देणार, अंडीही तीच नेणार. दादानं माळावर पत्र्याची शेड मारली. ऑगस्टमध्ये महापूर आला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. शेड उंचावर होती म्हणून पक्षी वाचले. खाद्याची गाडी का येत नाही असं विचारलं तर उत्तर यायचं, रस्ते बंद आहेत. रस्ते सुरू झाले. गाडी आली नाही. मग फोन लागायचा बंद झाला.

उपाशी पक्ष्यांची शेड मी तेव्हा एकदा पाहिली. एकमेकांची पिसं उपटून खात होते. वहिनीनं घरातला मका भरडून घातला, मग जोंधळा, मग शिळ्या भाकरी. दोनशे चोचींना ते किती पुरणार? विकायला काढले तर घेणारा नाही. गावात एकानं कापला, तर काळं मटण बघून पोरं ताटावरून उठली. सांगली, सातारा, कोल्हापूर मिळून हजारो शेतकरी त्या वर्षी कडकनाथापायी असे अडकले. गुन्हे दाखल झाले, मोर्चे निघाले. सप्टेंबरात सांगली जिल्ह्यात मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यावर आंदोलकांनी कडकनाथ कोंबड्या फेकल्या. ते टीव्हीवर दाखवत होते तेव्हा मी पडद्याजवळ जाऊन बसले. रस्त्यावर पंख आपटत पडलेल्या त्या पक्ष्यांत दादाचे आहेत का, हे मी बघत होते. माणसांचा संताप खरा होता. पण त्या पक्ष्यांनी कुणाचे पैसे बुडवले होते?

त्याच सुमारास, गणपतीच्या आदल्या आठवड्यात, दादा पेठनाक्यावरून एसटीनं साताऱ्याला आला. मांडीवर भोकं पाडलेलं खोकं. "पाच तलंगा हायत. पोरांना अंडी व्हतील," एवढंच बोलला. चहासुद्धा निम्मा ठेवून गेला.

आत्या माळकरी. घरात अंडं चालत नाही, म्हणून परड्यात वेगळी चूल मांडायचं ठरलं होतं. खोकं बघून त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "जीव हायत. ऱ्हाऊ देत." तर अशी ही पाच पाखरं गोडोलीतल्या आमच्या परड्यात आली, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी. त्यांतलं एक आता आरवत होतं. धाकट्यानं त्याचं नाव ठेवलं नाथा.

नाथा देखणा होता. उन्हात उभा राहिला की काळ्या पिसांवर हिरवी, मोरपंखी झळाळी यायची. पण माझा जीव त्याच्यावर जडला तो त्याच्या वागण्यानं. भाकरीचा कुटका टाकला की तो चोचीत धरायचा, खाली ठेवायचा आणि टुक टुक करत चौघींना बोलवायचा. त्या येऊन खायच्या, हा बाजूला उभा. किल्ल्याच्या अंगानं घार फिरायला लागली की एक बारीक, लांबट सूर काढायचा आणि चौघी करंजाच्या झुडपात गडप. मांजर आलं तर सूर वेगळा, कॉक-कॉक-कॉक असा तुटक. घारीला एक हाक आणि जमिनीवरच्या जनावराला दुसरी. महिन्याभरात मलाही ती भाषा कळायला लागली. हातातलं काम टाकून मी वर बघायचं की खाली, हे त्याच्या सुरावरून ठरवायची.

अडचण पहाटेची होती. आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारी मुलगी दवाखान्यात नर्स. रात्रपाळी करून यायची. एक दिवस फाटकाशी उभी राहून हळूच म्हणाली, "काकू, मला चार तास झोप मिळते हो." तिच्या डोळ्यांखालची वर्तुळं बघून माझ्याकडं उत्तर नव्हतं. भांडली असती तर मीही काही बोलले असते.

मग उपाय सुरू झाले. डालग्यावर गोणपाट टाकलं, त्यावर चादर. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे म्हणीनं सांगितलंय, पण झाकलेलं कोंबडं आरवायचंही राहत नाही. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये हेच दाखवून दिलं. सतत मंद उजेडात ठेवलेले कोंबडेसुद्धा ठरल्या वेळी आरवत राहिले. घड्याळ त्यांच्या अंगातच असतं, उजेड दिसायची त्याला गरज नाही. कुणी सांगितलं, मान ताणता येणार नाही अशा बुटक्या पेटीत ठेवा. तेही केलं. तो वाकून, घशातल्या घशात आरवला. सकाळी पेटी उघडली तेव्हा पायांवर उभं राहायला त्याला वेळ लागला. ती पेटी मी त्याच दिवशी बंबात घातली.

आता त्याचं काय करायचं, हा प्रश्न घरात रोज निघू लागला. यांच्या ऑफिसातला एकजण म्हणाला, कडकनाथ औषधी असतो, अशक्तपणावर चांगला, मी नेतो. वर पैसेही देत होता. 'औषधी' हाच शब्द दादाला पाऊण लाखाला पडला होता. मला ते पैसे घेववले नाहीत. माझं म्हणणं कोंबडा खाऊच नये असं नाही. माझ्या माहेरी खातात, मीही खाल्लाय. आपण पाळलेला, नीट खाऊ घातलेला कोंबडा घरच्या माणसानं एका घावात कापावा, यात मला पाप वाटत नाही. कुणाच्या तरी पिशवीत उलटा टांगून द्यायचा आणि पुढचं बघायचं नाही, हे मला पटत नव्हतं.

जानेवारीत, काळूबाईची यात्रा जवळ आल्यावर, शेजारच्या आळीतल्या एक मावशी म्हणाल्या, "काळा कोंबडा हाय, मांढरदेवला सोडून या. द्येवीचा व्हईल." वाई तालुक्यातल्या त्या डोंगरावर २५ जानेवारी २००५ ला चेंगराचेंगरी झाली, तीनशेच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर तिथं पशुबळीला बंदी आली. म्हणून आता काहीजण जिवंतच सोडून येतात. मी आत्यांकडं पाहिलं. मला वाटलं, देवाचं नाव निघालंय, तर त्या हो म्हणतील. त्या तुळशीला पाणी घालत होत्या. मागं न वळता म्हणाल्या, "डोंगरावर सोडला तर रातीला कुत्री खात्यात. ज्यानं दाणा टाकला त्यानंच इचार करावा. द्येवावर ढकलू न्हाई." या प्रश्नावर कुणी काही नेमकं बोललं असेल तर एवढंच.

विचार करता करता मार्च आला. कोंबडीनं कोरोना होतो अशी अफवा पसरली आणि पोल्ट्रीचे भाव कोसळले. गोकाकजवळ एकानं हजारो पिल्लं खड्ड्यात ओतून जिवंत पुरली, तो व्हिडिओ आमच्याही फोनवर आला. सहा महिन्यांत दुसऱ्यांदा मी तेच बघत होते. माणसाचा हिशेब चुकला की तो पाखरांच्या अंगावर कोसळतो. मग टाळेबंदी. शेजारची मुलगी आता कोविड वॉर्डात होती, आठ-आठ दिवस घरी येत नव्हती. आली की पडायची. आणि पहाटे साडेचारला नाथा. त्या दिवसांत मला स्वतःची लाज वाटली. एका जिवाचा निर्णय पुढं ढकलून मी दुसऱ्या जिवाची झोप घेत होते, आणि तीही रात्रभर लोकांच्या उशाशी उभ्या राहणाऱ्या मुलीची.

एप्रिलमध्ये एकदा सकाळी दादाचा फोन होता. शेड मोडायची का ठेवायची, असं काही बोलत होता. दिवाळीपासून त्यानं कोंबड्यांचा विषय एकदाही काढला नव्हता, मीही नाही. बोलता बोलता परड्यातून नाथा आरवला. आता आवाज भरला होता, खणखणीत. पलीकडं दादा एकदम गप्प झाला.

"त्यातलाच हाय व्हय?"

"व्हय. तलंग म्हणून दिलेला."

"मला वाटलं, कापला आसंल."

"न्हाई."

बराच वेळ काही आवाज नाही. शेडमधल्या शेवटच्या चाळीस पक्ष्यांना दादानं कवडीमोलानं घालवलं होतं, आणि त्या दिवशी दाराला कुलूप लावून पुन्हा या दारात पाखरू नको असं म्हणाला होता, हे मला वहिनीनं सांगितलं होतं. म्हणून तर मी त्याला कधी विचारलं नव्हतं. तोच म्हणाला, "भाजीचा टेम्पो येतो बग आपल्याकडनं साताऱ्याला. त्यात दे बसवून."

मे महिन्यात नाथा रिकाम्या क्रेटांच्या मधे डालग्यात बसून गेला. सोबत मी मक्याची पुरचुंडी दिली. जिल्ह्याच्या हद्दीवर पोलिसानं डालग्यात डोकावून पाहिलं आणि जाऊ दिलं, असं ड्रायव्हरनं सांगितलं. त्या संध्याकाळी चौघी तलंगा बराच वेळ फाटकापाशी घोटाळत होत्या. शेजारची मुलगी दुसऱ्या दिवशी नऊपर्यंत झोपली.

दादानं तीन गावरान कोंबड्या आणल्या. कडकनाथाच्या माद्या अंड्यांवर सहसा बसत नाहीत, गावरान मात्र खुडूक झाली की उठवून उठत नाही. आषाढात एक खुडूक झाली. वहिनीनं पाटीत भुसकट घालून नऊ अंडी मांडली. एकविसाव्या दिवशी सात फुटली. दोन कोळशासारखी काळी, तीन सावळी, दोन आईसारखी तांबडी. दादानं फोटो पाठवला. त्यात पाटी धरलेले त्याचे हात तेवढे दिसत होते.

नाथा पुढं तीन वर्षं जगला. २०२३ च्या पावसाळ्यात एका सकाळी आरवला नाही. वहिनीनं डालगं उचललं तर मान पंखात घालून निपचित होता, पोट दाण्यांनी भरलेलं. दादानं त्याला शेडच्या मागं शेवग्याखाली पुरलं. त्या दोनशे पक्ष्यांतला, भरल्या पोटी आपल्या मरणानं मेला, असा तो एकटाच.