खिडकी पडलेलं इंजिन

गाडीचं इंजिन पार कामातून गेलं की गॅरेजमध्ये पहिला विनोद मालक करत नाही. तो करतो शेजारी उभा असलेला, स्वतःची गाडी सर्व्हिसिंगला घेऊन आलेला दुसराच कोणी. "मेस्त्री, नंबर प्लेट चांगली हाय बघा. ती ठेवा, बाकी बदला." मग दुसरा म्हणतो, "हॉर्न वाजतोय न्हवं? मग निम्मं काम झालं." मालक अजून हसत नसतो. हातातली किल्ली फिरवत तो फरशीवर मांडलेल्या सुट्या भागांकडे बघत असतो. तिसऱ्या-चौथ्या विनोदाला त्याच्याही तोंडून काहीतरी निघतं आणि बहुतेक वेळा तेच सगळ्यांत भारी असतं. त्या क्षणाची मी वाट बघतो. कोल्हापुरात इतकी वर्षं मोटारसायकली उघडून बसवताना माझी एक खात्री झाली आहे. मालक आपल्या मोडक्या इंजिनावर हसला, म्हणजे ते दुरुस्त करायचं हे त्याने मनात ठरवलेलं असतं.

बाहेरच्या माणसाला ही टवाळी वाटेल. मला त्यात जाणकारी दिसते. कनेक्टिंग रॉड तुटून क्रँककेसची अ‍ॅल्युमिनियमची भिंत फोडून बाहेर आला की गाडीवाले म्हणतात, खिडकी पडली. लगेच कोणीतरी जोडतो, "पडलीच हाय तर पडदा बी शिवून घ्या." या एका वाक्यात रॉड, क्रँक, पिस्टन आणि केस या सगळ्यांचा पंचनामा होऊन जातो. म्हणजे फुल इंजिन. "पिस्टनचं सिलिंडरशी लगीन लागलंय" असं कोणी म्हटलं तर इंजिन चिकटलं आहे, आणि नशीब बरं असेल तर काम हाफ इंजिनवर भागेल. हाफमध्ये हेड, सिलिंडर आणि पिस्टन येतो. फुलमध्ये केस उघडून क्रँक आणि बेअरिंगं बाहेर काढावी लागतात. खर्चात फार फरक पडतो, आणि तो फरक चेष्टा करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतो.

जुन्या कास्ट आयर्न बुलेटवाल्यांचा तर पिढ्यान् पिढ्या चालत आलेला विनोद आहे : तेल गळायचं थांबलं की काळजी करा, तेल संपलेलं असणार. ३४६ सीसीच्या त्या इंजिनाचा बोअर ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर. रॉडच्या खालच्या टोकाला रोलर नसायचे, तिथे फिरता बुश असायचा, आणि तो तेलाच्या पातळ थरावर जगायचा. तेल आटलं की सगळ्यांत आधी तो जातो आणि खालून ठोके ऐकू यायला लागतात. ज्याने हा विनोद लहानपणी वडिलांच्या तोंडून ऐकला आहे, तो रोज सकाळी गाडी काढताना आधी खालची जमीन बघतो. एवढं काम कुठलंही माहितीपुस्तक करत नाही.

१९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली आणि टाकी भरा, झाकण लावा, विसरून जा, हा तिच्या जाहिरातीतला मंत्र घरोघरी पोचला. मंत्र होता पेट्रोलचा. लोकांनी तो इंजिन ऑइललाही लावला. या लहान फोर-स्ट्रोक इंजिनांत तेल जेमतेम लिटरभर बसतं. तेच तेल पिस्टनला, कॅमला आणि गिअरला पुरवायचं असतं. ते काळं, पातळ होऊन निम्म्यावर आलं की कॅमच्या उंचवट्यावर आणि रॉकरच्या तोंडावर खड्डे पडतात. अशी गाडी आली की माझ्याकडे बसलेले लोक विचारतात, "तेल कधी बदललंतंस?" आणि मालकाच्या आधी दुसराच उत्तर देतो, "बदलायला आधी असाय लागतंय." सगळे हसतात, आणि त्या दिवशी तिथून जाणारा प्रत्येक जण घरी जाऊन आपल्या गाडीची डिपस्टिक काढून बघतो.

या हसण्याच्या मागे माझं काम चालू असतं. आरएक्स १०० चं उदाहरण देतो, कारण ही गाडी कधी एकटी येत नाही, तिच्याबरोबर मित्रांचं टोळकं येतं. ९८ सीसी, बोअर आणि स्ट्रोक दोन्ही ५० मिलिमीटर, टू-स्ट्रोक, तेलाची टाकी आणि पंप वेगळा. १९९६ साली बनायची थांबली तरी आमच्याकडे तिचा रुबाब कमी झालेला नाही. अशीच एक चिकटलेली आरएक्स उघडली होती. लाकडी हातोडीने हलके ठोके देत सिलिंडर वर काढला आणि पिस्टन फडक्यावर ठेवला. एक मित्र म्हणाला, "पिंड ठेवलाय. कावळा शिवंपर्यंत घरात सांगू नगंस." मालक पोरगा पोट धरून हसला.

मी पिस्टन वाचत होतो. एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे, वरची रिंग खाचेत गच्च बसलेली, आणि सिलिंडरच्या लोखंडी भिंतीला पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम चांदीच्या वर्खासारखं चिकटलेलं. ओरखडे चारही कोपऱ्यांत सारखे असते, तर गार इंजिन एकदम ताणलं किंवा पिस्टन घट्ट बसवला, असं समजलो असतो. एक्झॉस्टची बाजू सगळ्यांत तापणारी. तिथेच ओरखडे, म्हणजे उष्णता जास्त आणि तेल कमी. पंपाची नळी उजेडात धरली तर आत हवेचा बुडबुडा दिसला. पंपातली हवा काढल्याशिवाय नवा पिस्टन बसवला असता, तर तोही त्याच वाटेने गेला असता.

मोडलेला भाग बदलणं कोणालाही जमतं. तो का मोडला हे शोधणं म्हणजे आमची कारागिरी. चिकटलेलं अ‍ॅल्युमिनियम पातळ केलेल्या अ‍ॅसिडने जपून काढायचं, सिलिंडर धुवायचा, मग बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली, आडवं-उभं दोन्हीकडून माप घ्यायचं. बोअरिंगवाल्याकडे नुसता आकडा सांगून चालत नाही. नवा ओव्हरसाइज पिस्टन आधी हातात द्यायचा, त्या पिस्टनला मापून तो बोअर करतो. मधली फट मिलिमीटरच्या शतांशांत असते. शेवटी पोर्टच्या कडा हाताने मोडायच्या, नाहीतर रिंग तिथे अडकून तुटते. मापं घेताना मी कोणाला गप्प बसायला सांगत नाही, पण टोळकं आपोआप गप्प होतं. मायक्रोमीटर बघून मी आकडा सांगतो, कारण सांगतो, खर्च सांगतो. त्या वेळी मी हसत नाही. पैशाचं बोलणं विनोदात गुंडाळलं की मालकाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेल्याचं भांडण होतं.

आणखी एक मर्यादा मी कटाक्षाने पाळतो. चेष्टा इंजिनाची करायची, माणसाची नाही. दुधाचे कॅन बांधून पहाटे गावाहून येणारा माणूस आणि शनिवारी पन्हाळ्याला चक्कर मारणारा पोरगा, दोघांचंही इंजिन तेलावाचून गेलेलं असू शकतं. पोराला मित्रांनी चिडवलं तर तो ट्रीट देऊन मोकळा होतो. दूधवाल्याचा त्या दिवसाचा धंदा बुडालेला असतो. तेलाचा खर्च त्याने पुढच्या महिन्यावर ढकलला, त्याला घरची कारणं असतात. त्याला कोणी "तेलाला पैसं नव्हतं व्हय?" म्हटलं की मी हातातलं काम थांबवतो आणि इंजिनावर बोला म्हणतो. लोक समजूतदार आहेत; पुन्हा सांगावं लागत नाही.

खिडकी पडलेल्या केसच्या कामातही मर्यादा पाळावी लागते. इंजिन नंबर केसवर ठोकलेला असतो आणि तोच आरसी बुकात असतो. केस बदलली की आरटीओत नोंद करून घ्यावी लागते. म्हणून बेअरिंगची बैठक शाबूत असेल तर मी आर्गन वेल्डिंगने भोक बुजवून, जोडाची बाजू मशिनवर सपाट करून तीच केस वाचवायचा प्रयत्न करतो. बैठकच फुटली असेल तर स्पष्ट नाही म्हणतो. वडिलांची येझदी घेऊन येणाऱ्यांना त्या नंबराचं मोल कागदापलीकडचं असतं. येझदी बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ साली बंद पडला, तरी ते नंबर अजून रस्त्यावर आहेत, ते अशा मालकांच्या हट्टामुळे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात आणि खेड्यांत शिरलं. पाणी ओसरल्यावर गॅरेजबाहेर चिखलाने माखलेल्या गाड्यांची रांग लागली. माझी सगळ्यांना एकच विनवणी होती, किक मारू नका. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना जोर लावला तर रॉड वाकतो. आधी प्लग काढायचा, पाणी निथळू द्यायचं, दुधट झालेलं तेल सोडायचं, डिझेलने आतला गाळ धुवायचा, स्वस्तातलं तेल घालून थोडा वेळ चालवायचं आणि तेही काढून टाकायचं. बेअरिंगांना गंज धरायच्या आत हे सगळं उरकायला हवं होतं. रांगेत पहिल्याच दिवशी चेष्टा सुरू झाली. "माझी नदीला गेलती, न्हाऊन आलीया, आता नैवेद्य तुमी दाखवा." ज्यांची घरं पाण्यात होती, तेच हे बोलत होते. त्यांतला एक जण मात्र काहीच बोलत नव्हता. त्याची पाळी आल्यावर म्हणाला, "घरातलं काय काय गेलं ते मोजाय अजून जमंना. गाडीचं तेवढं मोजून सांगा." त्याच्या गाडीचं मी शेवटच्या वॉशरपर्यंत मोजून सांगितलं, बदलायचं एका बाजूला आणि टिकणारं दुसऱ्या बाजूला. टिकणारा ढीग मोठा होता. तो बघून तो पहिल्यांदा हसला.

हे हसू कशावर उभं आहे, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. ते उभं आहे दुरुस्तीच्या शक्यतेवर. शिवाजी उद्यमनगरात गेलं की बोअरिंग होतं, क्रँकची पिन दाबून नवी बसते, गेलेले आटे पुन्हा पाडून मिळतात. म्हादबा मेस्त्रींसारख्या जुन्या कारागिराचं नाव आदराने घेणारं हे गाव. इथे लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम पुन्हा माणसात आणता येतं यावर लोकांचा विश्वास आहे. त्या विश्वासामुळेच फुटलेल्या इंजिनापुढे उभं राहून पिंडाची आणि कावळ्याची भाषा करता येते. खरंच काही उरलं नसतं, तर ती भाषा कोणाच्या तोंडून निघाली नसती.

नव्या काही गाड्यांत सिलिंडरला आतून निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा कडक थर असतो. तो उत्तम टिकतो, पण खराब झाला की आमच्या नेहमीच्या बोअरिंगने त्याला पुढचा बोअर देता येत नाही. सिलिंडर-पिस्टनचा संचच बदलायचा. अशा गाडीपाशीही लोक चेष्टा करतात, पण ती बिलाची असते : "एवढ्यात एक जुनी गाडी येती की." इंजिनाला कोणी चिडवत नाही, कारण त्याच्याशी हुज्जत घालायला जागाच ठेवलेली नाही. मला त्या इंजिनांचं कौतुक आहे. तरीही मापाने, हाताने आणि डोक्याने परत उभं करता येईल, असं काहीतरी प्रत्येक यंत्रात शिल्लक ठेवायला हवं, असं मी मनापासून मानतो.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी पाने आणि माप शिकवतो, त्याबरोबर माणसं बघायलाही सांगतो. हसणारा मालक तासभर थांबू शकतो. त्याच्या गाडीला आशा आहे हे त्याला कळलेलं असतं. कोपऱ्यात जो गप्प उभा आहे, त्याचं इंजिन आधी उघडा.