हलकं काम

भोसरीच्या एमआयडीसीत माझं आयुष्य गेलं ते माणसं मशीनवर लावण्यात. कोण कुठल्या मशीनवर, कुठल्या पाळीत, कुणाच्या शेजारी, हे ठरवणं म्हणजेच सुपरवायझरकी. ड्रॉइंग वाचता येणारे पुष्कळ भेटतात. सकाळी गेटपासून खात्यापर्यंत येणाऱ्या माणसाची चाल वाचणारे थोडे.

सीएनसीवर माणसाचं बिनसलं की ते आधी आकड्यांत दिसतं. मशीनची सायकल ठरलेली असते. जॉब लावायला आणि काढायला लागतो तो वेळ माणसाचा. आमच्या एका चांगल्या ऑपरेटरचा हा वेळ वाढत चालला. रिजेक्शन नव्हतं. उलट एकच बोअर तो गेज लावून पुन्हा पुन्हा बघायचा. प्रॉडक्शनवाल्यांनी निकाल देऊन टाकला, "अंग चोरतोय." पण अंग चोरणारा माणूस चहाला सगळ्यांच्या पुढे असतो. हा चहाला उठेना, आणि डबा न उघडता घरी नेऊ लागला.

विचारायचं खरं, पण कुठे? केबिनमध्ये बोलावलं की कामगाराच्या डोळ्यांपुढे आधी मेमो येतो. समोर बसवून विचारलं तर उत्तर ठरलेलं, "काही नाही साहेब." म्हणून पाळी सुटायच्या सुमाराला मी त्याच्या मशीनपाशी जाऊन उभा राहिलो. दोघांची नजर चकवर. म्हटलं, "झोप लागते का रे?" आमच्या खात्यात मनाविषयी कुणी बोलत नाही, पण झोप, भूक, डोकं जड होणं याची कुणाला लाज नसते. तो म्हणाला, "तीनला जाग येते. मग उजाडेपर्यंत छातीवर कुणी बसल्यासारखं." पुढचं त्यानं आपणहून सांगितलं. ते त्याचं आहे, इथे लिहीत नाही.

मी विचारलेला एक प्रश्न मात्र लिहितो, कारण तो विचारायला भलेभले कचरतात. "जीव द्यावासा वाटतो का?" असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही समजूत खोटी आहे, या विषयातले डॉक्टर हे ठामपणे सांगतात. तो खाली बघून "कधी कधी" म्हणाला. त्याला विचारून, त्याच्यादेखत त्याच्या भावाला फोन लावला. भाऊ येईपर्यंत त्याला एकटं सोडलं नाही, आणि त्याच संध्याकाळी दोघं डॉक्टरकडे गेले. अपरात्रीसाठी त्याच्या मोबाइलमध्ये १४४१६ हा नंबर घालून दिला. टेलिमानस ही सरकारी सेवा २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. फोन फुकट, चोवीस तास चालू, आणि मराठीत बोलता येतं.

इथवर कुठलाही सहृदय माणूस करील. सुपरवायझरचं काम यापुढे लागतं.

डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, आणि काही दिवस मशीनवर मना केलं. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे जातात, कधी जास्तही. त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात सुरू होतो: मळमळ, अस्वस्थपणा, काही गोळ्यांनी गुंगी. त्यामुळे पुष्कळ जण ऐन फायदा व्हायच्या आधीच गोळ्या सोडतात. गुंगीतला माणूस पॉवर प्रेसवर उभा केला तर बोटं जातात. आमच्याकडे ऑपरेटर अडीअडचणीला प्रेसवरही जातो, तेव्हा त्याचं नाव त्या यादीतून पहिल्यांदा काढलं. त्याला फायनल इन्स्पेक्शनच्या टेबलावर बसवलं. हात बोअरला सरावलेले होतेच. रात्रपाळी बंद केली, कारण झोप मोडली की हा आजार उसळतो. या आजारात पुष्कळांना सकाळ सगळ्यात जड जाते, म्हणून पहिलीऐवजी दुसरी पाळी. यात समुपदेशन वगैरे काही नव्हतं, फळ्यावरची नावं खडूनं इकडची तिकडे केली, एवढंच.

मालकांचं म्हणणं वेगळं होतं. माणूस वाईट नव्हे, म्हणाले, "महिनाभर घरी बसव, बरा होऊन येईल." घर म्हणजे पत्र्याची भाड्याची खोली, दिवसभर बायको कामावर. अशा खोलीत एकटा बसून तो काय बरा होणार? काम काढून घेऊ नये, बदलून द्यावं, या मतावर मी आजही आहे. डॉक्टरांनीच रजा लिहिली तर गोष्ट निराळी. तेव्हा ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, दवाखान्याचा दाखला घ्यावा. आजारपणाच्या रजेत सरासरी पगाराच्या ७० टक्के मिळतात, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. आजार लांबलाच तर ठरावीक दीर्घ आजारांना काही अटींवर ८० टक्के मिळतात, आणि त्या यादीत गंभीर मनोविकारही आहेत. अपघाताचे कागद डोळे मिटून भरणाऱ्या कारकुनालाही हे ठाऊक नसतं.

खात्यात कुजबुज झालीच. "त्याला बरं हलकं काम!" एकानं येरवड्याच्या मनोरुग्णालयाचा जुना विनोदही केला. मी एकच वाक्य सगळ्यांना सांगत राहिलो, "डॉक्टरांनी काही दिवस मशीनवर मना केलंय." ते खरं होतं आणि पुरेसं होतं. स्टोअरमधल्या मामांना तेवढं म्हणालो, चहाला जाताना याला हाक मारत जा. मामांनी काही विचारलं नाही. रोज टेबलापाशी जाऊन, "उठ रे, गार होतोय," म्हणायचे.

काही महिन्यांनी तो मशीनवर परतला. बरं वाटायला लागलं की गोळ्या आपल्या मनानं बंद करायची घाई सगळ्यांना होते, तशी त्यालाही झाली. त्याला परत डॉक्टरकडेच धाडलं. त्यांनी त्या सावकाश, टप्प्याटप्प्यानं कमी केल्या.

पण तो कायम कामगार होता. त्याच सुमारास ठेकेदाराकडचा एक पोरगा असाच गप्प गप्प होत गेला. मी त्याचं काम बदलायचं ठरवतोय तोवर त्याच्या जागी दुसरा आला. विचारलं तर ठेकेदार म्हणाला, "साहेब, तुमचं काम अडलं नाही ना?" काम अडलं नव्हतं. आज बहुतेक खात्यांत मशीनवर अशीच पोरं जास्त आहेत. पगार मर्यादेत असला तर ईएसआय त्यांनाही लागू असतं, पण आपला नंबर त्यांना माहीत नसतो, कार्ड कधी हातात पडलेलं नसतं. सुपरवायझर मंडळींनो, नवा पोरगा खात्यात आला की त्याचा ईएसआय नंबर आणि घरच्या कुणाचा तरी फोन पहिल्याच दिवशी आपल्या वहीत लिहून ठेवा. ठेकेदाराला विचारत बसू नका, पोराला विचारा.