दम मारण्याचं कारण

दर्यापूर तालुक्यातल्या खारपाणपट्ट्यात मी एकोणतीस वर्षं मास्तरकी केली. दर २ ऑक्टोबरला गावातून व्यसनमुक्तीची फेरी काढायचो. गाडगेबाबांचा हा जिल्हा, तुकडोजी महाराजांची मोझरी इथलीच. दारू, गुटखा, गांजा सगळ्यांना एकाच दावणीला बांधून मी बोलायचो. एका वर्षी पारावर भावाचा सालदार बसला होता. त्याच्याकडे बोट करून पोरांना म्हणालो, "गंजेडी कसा असतो, बघून घ्या." तो उठून गेला. पुन्हा आमच्या ओसरीवर चढला नाही.

कशाला ओढतोस, असं त्याला मी एकदा विचारलं होतं. तो म्हणाला होता, "दिवसभर वखर हाकला का कंबर धरते मास्तर. राती दम मारला का झोप येते, अन् जीवालेबी बरं वाटते. दुखते म्हून ओढतो का बरं वाटते म्हून, थे मले काय मालूम जी?" मला ती पळवाट वाटली होती.

मग घरातच दुखणं आलं. अमरावतीला बायकोची केमो सुरू झाली आणि पाण्याचा घोटही पोटात ठरेना. डॉक्टरांनी गोळ्या बदलून उलट्या आटोक्यात आणल्या, पण त्या रात्रींत मी वाचत बसलो होतो. गांजात नशा आणणारं जे द्रव्य आहे, टीएचसी, तेच कृत्रिमरीत्या बनवून केलेलं ड्रोनाबिनॉल अमेरिकेत केमोच्या उलट्यांसाठी १९८५ साली मंजूर झालं. आपला अमली पदार्थांविरोधातला एनडीपीएस कायदा त्याच सालचा. त्यात झाडाचा फुलोरा, म्हणजे गांजा, गुन्हा ठरतो. नुसती पानं व्याख्येबाहेर राहतात. त्या पानांचीच भांग आमच्याच वाड्यात महाशिवरात्रीला घोटली जायची. वैद्य तिलाच विजया म्हणतात. मीही प्यालो आहे, आणि मला कधी कुणी कारण विचारलं नाही.

इंग्रज सरकारने गांजा-भांगेच्या चौकशीसाठी १८९३-९४ मध्ये हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं होतं. अकराशेवर साक्षी झाल्या. खंडव्याकडे तेव्हा गांजाची शेती होत असे, तिचाही विचार झाला. बेताने घेणाऱ्याला सहसा अपाय नाही, अति करणाऱ्याला आहे, असं त्यांनी लिहिलं. मी फेरीत हा फरक कधी केला नव्हता.

मग मी आणखी एक चूक केली. आजारी माणूस घेतो ते औषध, धडधाकट घेतो ते व्यसन, अशी रेघ मनात ओढून ठेवली. ती पुतण्यामुळे पुसली गेली. एकोणीस वर्षांचा पोरगा, स्पर्धा परीक्षेसाठी अमरावतीत खोली करून राहिलेला. आधी मित्रांसोबत गंमत म्हणून, मग झोपेसाठी, मग त्याशिवाय झोपच नाही. भिंतीपलीकडून कुणी आपल्याविषयी बोलतंय असं त्याला ऐकू यायला लागलं, तेव्हा आम्हाला कळलं. कोवळ्या वयात रोज घेतलं की हा धोका वाढतो, असं मानसोपचारतज्ज्ञांनी समजावलं. आता तो सावरतो आहे. गांजाला मी निरुपद्रवी म्हणणार नाही, ते यामुळे.

पण विचारल्यावर त्यानेही सालदाराचंच उत्तर दिलं होतं: झोप येते, बरं वाटतं. औषध कुठे संपलं आणि मजा कुठे सुरू झाली, हे दोघांनाही सांगता आलं नाही. एम्सच्या २०१९च्या अहवालानुसार देशात ३.१ कोटी लोक भांग, गांजा किंवा चरस घेणारे आहेत, आणि त्यापायी ज्यांना मदत लागते असे सुमारे ७२ लाख. साधारण चौघांत एक. त्या चौघांना मी एकच भाषण देत आलो. पुतण्याला ते वेळेवर उपयोगी पडलं नाही, आणि सालदाराचा त्या भाषणाने अपमान केला.

या पोळ्याला मी सालदाराच्या घरी गेलो. माफी मागितली. तो काही बोलला नाही, बसायला पोतं टाकलं. मग मी विचारलं, कंबर नेमकी कुठे दुखते? त्याने सदरा वर करून मणक्याची जागा दाखवली. सोमवारी त्याला अकोल्याला हाडांच्या डॉक्टरकडे नेतो आहे.