तांब्याचें शिरस्त्राण

दुर्योधनानें जलस्तंभन करून द्वैपायन सरोवरांत आश्रय घेतला, ही कथा वाचकांच्या परिचयाची आहे. तेथें तो श्वासोच्छ्वास कसा करीत होता, हें मात्र आमच्या लहानपणचे कथेकरीबुवा सांगत नसत. पाण्याखालीं वावरूं पाहणाऱ्या मनुष्याची खरी अडचण तर तीच. ती बऱ्याच अंशीं दूर केली ऑगस्टस सीब या जर्मनींत जन्मलेल्या व लंडनांत स्थायिक झालेल्या कारागिरानें. १८३७ च्या सुमारास त्यानें तांब्याचें शिरस्त्राण जलाभेद्य पोशाखास घट्ट जोडलें. हवा वरून पंपानें यावयाची. पुढें शंभर वर्षांहून अधिक काळ ठिकठिकाणचे पाणबुडे याच धर्तीचा पोशाख चढवीत.

विंचेस्टरच्या कॅथीड्रलच्या भिंती खचूं लागल्या, तेव्हां विल्यम वॉकर नांवाच्या पाणबुड्यानें १९०६ पासून १९११ पर्यंत पायाखालच्या पाण्यांत, मिट्ट काळोखांत, केवळ हातांनीं चांचपडत काँक्रीटचीं पोतीं रचलीं. पोतीं २५ हजारांहून अधिक! भोजनाच्या वेळीं तो नुसतें शिरस्त्राण उतरवी. सारा पोशाख काढण्याघालण्यांत फार वेळ मोडे. त्याचा लहानसा पुतळा तेथें आहे. तो पाहिल्यापासून हा पोशाख एकदां अंगावर घालावा, असें आम्हांस वाटूं लागलें.

आमचा चिरंजीव नोकरीनिमित्त इंग्लंडांत असतो. असलीं जुनीं साधनें चालू स्थितींत राखणारी हौशी मंडळी तिकडे आहेत. त्यांच्याशीं त्यानें आमची गांठ घालून दिली. वैद्यकीय तपासणी एका दिवसांत उरकली. सौ.ची संमति मिळण्यास आठवडा लागला.

एका जुन्या दगडखाणीच्या तळ्यावर आम्हांस नवऱ्या मुलाप्रमाणें चौरंगावर बसवून दोघांनीं सजविलें. छातीवर व पाठीवर शिशाचीं सुमारें १८-१८ किलोंचीं वजनें, पायांत सुमारें ८ किलोंचा एकेक जोडा. एकूण भार ८० किलोंच्या घरांत. शिरस्त्राण खांद्यावरच्या पत्र्यावर ठेवून अष्टमांश फेरा दिला कीं घट्ट बसतें. समोरची कांच सर्वांत शेवटीं लावतात, आणि त्यापूर्वीं पंप सुरू झालेला असावा लागतो. पंपाच्या एका चाकावर एक तरबेज गृहस्थ होते. दुसरें चाक चिरंजिवानें हट्टानें धरलें.

शिडीच्या अखेरच्या पायरीवरून पाण्यांत झालों मात्र, सारा भार नाहींसा झाला. कानांत कळ आली. नाक चिमटींत धरण्याची सोय नाहीं. आवंढे गिळीत ६ मीटर उतरलों. उजव्या बाजूची झडप डोक्यानें दाबून जादा हवा सोडावी लागते. न सोडल्यास पोशाख फुगून मनुष्य बुचासारखा वर उसळतो.

तळाशीं हिरवट अंधार होता, पाहण्यासारखें फारसें कांहीं नव्हतें. ऐकण्यासारखें मात्र होतें. नळींतून हवा ठोक्याठोक्यानें येई, तिला रबराचा व तेलाचा वास. मधूनच ठोके जलद होत, मग कोणी तरी ते आवरी. ती घाई आम्हीं ओळखली. कोंकणांतील घरीं रहाट ओढतांना हा पोर अशीच घाई करी, आणि आम्ही ओटीवरून "सावकाश रे" म्हणून ओरडत असूं. गेलीं आठ वर्षें तो दरमहा पैसे पाठवितो व आम्ही, पेन्शन पुरतें म्हणून, ते परत धाडतों. येथें त्याच्या हातची हवा मुकाट्यानें घेत होतों, आणि ती नको म्हणण्याची सोय नव्हती.

दोरीस एक हिसका आला. म्हणजे, कसें काय आहे? आम्हीं एक हिसका देऊन ठीक असल्याचें कळविलें. वास्तविक त्याहून बरेंच कांहीं कळवावयाचें होतें, परंतु दोरीच्या भाषेंत तें बसत नाहीं.

चार हिसके आले, वर निघालों. शिडीवर सारा भार पुन्हां अंगावर आला. समोरची कांच निघाली तों चिरंजिवाचा घामानें निथळलेला चेहरा पुढें.

"हवा पुरली ना, अण्णा?"

"पुरली. मधें मधें जास्तच झाली."

तो हंसला. त्याच्या तळहातांवर फोड आले होते. ते सौ.च्या दृष्टीस पडले, आणि पोशाखाचे बाराही नट सोडवून होईपर्यंत तिनें आम्हां बापलेकांस बोलून घेतलें.