उतरताना दुसरी वाट

सावरीचे फूल झाडावरून पडते तेव्हा आवाज होतो, ही गोष्ट वनस्पतिशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात वाचल्याचे मला आठवत नाही. प्राजक्त आणि बकुळ कोणाला सुगावा न लागू देता भूमीवर उतरतात. काटेसावरीचे फूल मात्र पानगळीने मोकळ्या झालेल्या रानात ‘थप्प’ असा स्वच्छ उच्चार करून येते. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, कर्नाळ्याच्या चढावर, असे एक फूल माझ्या पुढ्यात पडले आणि मी थांबलो. मागे मुडपलेल्या पाच जाड तांबड्या पाकळ्या, मध्ये पुंकेसरांचा भरगच्च जुडगा, केसरांच्या टोकांना काळसर परागकोश, आणि तळाशी, पेल्यात, अजून न सुकलेला मध; त्यावर हक्क सांगणाऱ्या दोन मुंग्या फुलाबरोबरच वरून आल्या होत्या आणि एवढ्या उंचीवरून पडूनही त्यांच्या कामात खंड पडलेला दिसत नव्हता.

त्या दिवशी हवेचा मात्र कोणताच विचार पक्का होत नव्हता. पनवेलहून पेणकडे जाणाऱ्या एस.टी.त बसलो तेव्हा धुके इतके दाट होते की शिरढोणच्या थांब्यावर उतरलेली माणसे दाराबाहेर पाऊल टाकताच नाहीशी झाली; अभयारण्याच्या फाटकाशी पानापानांवरून दहिवर ठिबकत होते; तासाभराच्या चढानंतर ऊन असे लख्ख पडले की अंगातला स्वेटर काढून खांद्यावर टाकावा लागला; आणि माथ्याजवळ पोचतो न पोचतो तोच पश्चिमेकडून मळभ भरून आले. कोकणातला सरता हिवाळा हा बदलीचा हुकूम हाती पडलेल्या अंमलदारासारखा असतो: खुर्ची सुटलेली नसते, पण कारभारात चित्तही नसते. पहाटे घाटावरून गारठा उतरतो, दुपारी जमीन तापली की समुद्राकडून खारा वारा उलटा आत शिरतो, आणि या दोन सत्तांच्या सीमेवर जो सापडेल त्याने स्वेटर आणि छत्री दोन्ही बाळगाव्यात, हे बरे.

वर जाण्याची वाट आणि खाली येण्याची वाट एकच असावी, हे मला कधीच रुचलेले नाही. चढताना ज्या दगडावर बसून पाणी प्यालो तोच दगड उतरताना पुन्हा भेटला की डोंगर संपल्यासारखा वाटतो; म्हणून किल्ला पाहून झाल्यावर सरळ खाली न येता रानातून वळसा घालावा आणि मोरटाका नावाच्या वाटेने उतरावे, हा माझा परिपाठ. महाराष्ट्राचा राज्यपक्षी जो हरियाल, त्याचेही नाव इथल्या एका वाटेला दिले आहे. अभयारण्य १९६८ साली जाहीर झाले. त्यापूर्वी कैक शतके हे रान केवळ किल्ल्याचे रान होते, आणि किल्ला होता तो पनवेलच्या बंदरातून बोरघाटाकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गावर नजर ठेवण्यासाठी. १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे तेवीस किल्ले मोगलांच्या स्वाधीन करावे लागले त्यांत कर्नाळाही होता. १६७० मध्ये तो परत आला.

त्या किल्ल्याच्या मध्यभागी आकाशाकडे रोखलेल्या अंगठ्याप्रमाणे उभा असलेला काळ्या पाषाणाचा सुळका मुंबई-गोवा रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेला असतो. त्याच्या पोटात पाण्याची टाकी आणि कोठारे कोरलेली आहेत, आणि अंगावर आग्या मोहोळे लोंबतात. या मोहोळांमुळे तिथे आरडाओरडा करण्याची, धूर करण्याची, अंगाला अत्तर फासून येण्याचीही सोय राहिलेली नाही, याचा मला मनापासून आनंद होतो. गडावर जाऊन घोषणा देणाऱ्या तरुणांविषयी मला आकस नाही. पण किल्ल्याची शिबंदी आज केवळ मधमाश्यांच्या रूपाने शिल्लक आहे आणि ती आपले काम चोख बजावते, हे पाहून बरे वाटते.

मानवी शिबंदी उठली ती १८१८ साली. कर्नल प्रॉथरच्या फौजेपुढे किल्ला खाली करून देणारे शेवटचे किल्लेदार अनंतराव फडके; आणि खाली, सकाळी धुक्यात माणसे जिथे नाहीशी झाली त्या शिरढोणात, ४ नोव्हेंबर १८४५ रोजी त्यांचा नातू जन्मला. वासुदेव बळवंत फडके. किल्लेदाराचा हा नातू पुण्यात लष्कराच्या हिशेबखात्यात कारकून झाला, आणि बरीच वर्षे त्याने परक्या फौजेच्या जमाखर्चाची कलमे बिनतक्रार लिहिली. गावी आई अत्यवस्थ असल्याचे कळले तेव्हा त्याने रजेचा अर्ज केला; रजा वेळेवर मिळाली नाही, आणि तो घरी पोचला तोवर आई गेली होती. पुढल्या वर्षी वर्षश्राद्धासाठी मागितलेली रजाही नामंजूर झाली, असे चरित्रकार सांगतात. मी स्वतः त्या दिवशी किरकोळ रजेवर होतो. कारणाच्या रकान्यात ‘घरगुती’ एवढा शब्द लिहिला की ती मंजूर होते. आणि सावरीचे फूल हातात घेऊन बसलेला मनुष्य घरगुती कामात नाही, असे कोण म्हणेल?

पुढे १८७६-७७ चा दुष्काळ आला, आणि इतिहासकार त्यालाच फडक्यांच्या बंडाचे मूळ मानतात, ते योग्यच आहे. पण थोर क्रोधाला नेहमी थोरच कारण लागते असे नाही. कारकुनाला राज्यकर्त्याचे अंतःकरण प्रथम दिसते ते अर्जावरच्या शेऱ्यात. १८७९ च्या फेब्रुवारीत धामारी गावावर पहिला छापा पडला. रामोशांना हाताशी धरून सरकारशी झुंजणाऱ्या या माणसाने बंडाचीही रोजनिशी ठेवली, आणि हिशेबखात्यात हाडीमासी खिळलेली ती टापटीप पुढे खटल्यात त्याच्याच विरुद्ध पुरावा म्हणून रुजू झाली. त्याच वर्षी जुलैत विजापूरकडे देवर नावदगी येथे तो पकडला गेला. वकीलपत्र घेतले सार्वजनिक काकांनी. शिक्षा झाली जन्मठेपेची, आणि रवानगी झाली एडनला.

एडन त्या काळी मुंबई सरकारच्याच अमलाखाली होते, १९३२ पर्यंत होते. तेव्हा काळ्या पाण्यावर धाडलेला हा बंदी कागदोपत्री इलाख्याबाहेर गेलाच नाही. पावसाळ्यात शंभर इंच पाऊस झेलणाऱ्या शिरढोणातून उचलून सरकारने त्याला त्याच इलाख्याच्या अशा कोपऱ्यात ठेवले, जिथे वर्षाकाठी इंच-दोन इंच पाऊस पडतो आणि जुने गाव विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखात वसले आहे. सह्याद्रीही लाव्हाचाच, पण त्याच्यावर सावर उगवते. १३ फेब्रुवारी १८८३ रोजी फडक्यांनी कोठडीचे दार बिजागऱ्यांसकट उखडले आणि ते बाहेर पडले. पुन्हा पकडले गेले, अन्न सोडले, आणि १७ तारखेला गेले. त्या चार दिवसांत दाराची दुरुस्ती कोणत्या खर्ची टाकली गेली असेल, हा विचार हिशेबखात्यातल्या माणसासंबंधी मनात यावा, यात मला गैर वाटत नाही.

टाक्यांपाशी बसलो असताना चार थेंब पडले. ईशान्येचा प्रबळगड पुसला गेला, आग्नेयेचा माणिकगड तेवढा उन्हात राहिला, आणि पाच-सात मिनिटांत दोघांनी जागा बदलल्या. रानात उतरलो तेव्हा पानांखालच्या मातीला वास सुटला होता; एका ऐनावर बसलेला भृंगराज, शेपटीची दोन लांब पिसे हलवीत, आधी शिकऱ्याची किंकाळी आणि लगेच बुलबुलाची लकेर काढून सगळ्या झाडीला फसवीत होता.

खाली रस्त्यावर एस.टी.ची वाट पाहत एक वृद्ध गृहस्थ बसले होते. पायाशी भाजीची पाटी, दृष्टी ढगांकडे. मी विचारले, “काय काका, आंबा कसा यंदा?”

“आभाळ असंच राहिलं तर कसला आंबा? तुडतुडा मोहोर ठेवतोय होय? दोन कलमं हैत दारात, फवारायचं कुणी?”

“आणि रायवळ?”

“रायवळाला काय धाड भरते! त्यो येतो त्याच्या मनानं.”

हापुसाच्या कीर्तीविषयी दुमत असण्याचे कारण नाही. पण तो सुरीने कापून, बशीत घालून, चारचौघांसमोर खावा लागतो. रायवळ विहिरीच्या काठी उभ्याउभ्या चोखावा, कोपरापर्यंत रस ओघळू द्यावा आणि कोय जिथल्या तिथे भिरकावून द्यावी. तिचे पुढे झाड झाले तर त्याची चव काय असेल, हे सांगण्याची जबाबदारी कोणावर नसते.